युनिव्हर्सल कॅरियर पुन्हा चालता करायचा तर आधी पाय, मग इंजिन

दुसऱ्या महायुद्धातली ब्रेन कॅरियर म्हणून ओळखली जाणारी गाडी म्हणजे युनिव्हर्सल कॅरियर. जुन्या पट्टेवाल्या लष्करी गाड्यांपैकी घरच्या वर्कशॉपमध्ये पूर्ण करता येईल अशी ही बहुधा एकमेव गाडी. लांबी ३.६५ मीटर, रुंदी दोन मीटरच्या थोडी वर आणि वजन पावणेचार टनांच्या आसपास. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इतर देश मिळून या घराण्यातल्या एक लाखाहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. युद्धानंतर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये कित्येक कॅरियर शेतात ट्रॅक्टरचे काम करत राहिले. आज बाजारात येणारे सांगाडे बरेचसे असेच कुठल्या तरी शेडमागून निघालेले असतात.

इंजिन फोर्डचे व्ही-८, साइड व्हॉल्व्हचे. त्याची माहिती भरपूर असल्याने बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. इंजिन सुरू झाले की हुरूप येतो, मग रंग चढतो आणि गाडी शेडबाहेर काढली की पहिल्या वळणावर ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचा कड्यांचा पट्टा, निघतो. कॅरियरचे खरे काम चाकांत, ट्रॅकमध्ये आणि स्टिअरिंगच्या आडव्या नळीत आहे. पैसा आणि वेळ आधी तिथे घाला.

विकत घेण्याआधी

गाडी नक्की कोणती ते ओळखा. युनिव्हर्सल कॅरियरला प्रत्येक बाजूला तीन रोडव्हील (जमिनीवर भार घेणारी चाके) असतात, त्यांतली दोन एका बोगीवर, म्हणजे चाकांच्या जोडीला धरणाऱ्या चौकटीवर, आणि तिसरे एकटे. ट्रॅक ओढणारे दातेरी चाक (ड्राइव्ह स्प्रॉकेट) मागे, नुसते फिरणारे टोकाचे चाक (आयडलर) पुढे आणि चालकासमोर गोल स्टिअरिंग व्हील. बाजूला चार चाके आणि स्टिअरिंगऐवजी लिव्हर दिसले तर ती अमेरिकी टी-१६ आहे. स्प्रॉकेट पुढे असेल तर लॉइड कॅरियर. दिसायला तिघे भाऊ वाटतात, पण सगळे भाग एकमेकांना बसतीलच असे नाही. विक्रेत्याला हा फरक माहीत असेलच असे नाही.

ट्रॅकची झीज मोजायला फक्त टेप लागतो. कडीचा पिच, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर, पावणेदोन इंच (४४.४५ मिलिमीटर). ट्रॅक जमिनीवर ताणून सरळ करा आणि एका पिनच्या मध्यापासून पुढच्या दहाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. नवा ट्रॅक ४४४.५ मिलिमीटर भरेल. ४५८ च्या पुढे, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त वाढ असेल तर पिना आणि कड्यांची भोके दोन्ही गेली आहेत. नुसत्या पिना बदलून भागेल असे कुणी म्हटले तर एक पिन काढून भोक पाहा. ते अंडाकृती झाले असेल तर नवी पिन आठवडाभरही नीट बसणार नाही. अशा वेळी ट्रॅकची किंमत वेगळी धरूनच भाव करा.

कड्या बिडाच्या आहेत, तापवून थोडे चिवट केलेले हे बीड. प्रत्येक कडी एकेक करून हलक्या हातोडीने वाजवा. चांगली कडी खणखणते, तडकलेली भद्द वाजते. तडा बहुतेक वेळा पिनच्या भोकापासून निघतो. कड्या वेल्ड करायच्या भानगडीत पडू नका. सांध्याशेजारचे बीड काचेसारखे ठिसूळ होते आणि ती कडी दुसरीकडून तुटते.

त्याच भेटीत स्टिअरिंग व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. अजिबात हलत नसेल तर आडवी नळी गंजाने धरली आहे. त्यासाठी व्यवहार मोडायची गरज नाही, पण दोन-तीन आठवड्यांचे काम वाढले एवढे समजा.

स्क्रू फिरवण्यापूर्वी

या गाडीत आरोग्याला घातक अशा काही गोष्टी असतात. जुने ब्रेक लायनिंग आणि एक्झॉस्टवरचे आवरण अॅस्बेस्टॉसचे असू शकते, म्हणून ते ओले करूनच काढा आणि हवेच्या झोताने ड्रम साफ करू नका. अंधारात दिसावेत म्हणून रंगवलेल्या जुन्या डायलमध्ये रेडियम असू शकते. काच फुटली असेल तर आतले खरवडू नका, डायल पिशवीत सीलबंद ठेवा. जुना रंग शिशाचा धरून चाला आणि कोरडा पॉलिश पेपर मारू नका. कोपऱ्यातल्या चिखलात दारूगोळा सापडला तर हात न लावता बाहेर या आणि पोलिसांना कळवा.

उचलण्यासाठी किमान १० टनी जॅक आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घ्या. आधार बाजूच्या जाड पत्र्यांच्या ओळीत द्या, तळाच्या मध्यभागी नाही. तिथला पत्रा गंजलेला असतो आणि जॅक सरळ आत घुसतो. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही.

एकाच वेळी सगळी गाडी मोकळी करू नका. एक बाजू पूर्ण उघडा आणि दुसरी नमुना म्हणून तशीच राहू द्या. ट्रॅकची दिशा, पिनेचे डोके आत की बाहेर, कुठल्या बोल्टाखाली किती शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) याचे फोटो काढा आणि शिम त्याच बोल्टासोबत डबीत ठेवा. सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

आडवी नळी : गाडीचा जीव इथे

कॅरियरचे वळणे दोन टप्प्यांत होते. व्हील थोडे फिरवले की हलच्या, म्हणजे गाडीच्या चिलखती सांगाड्याच्या, आरपार गेलेली आडवी नळी एका बाजूला सरकते. तिच्या दोन्ही टोकांना दोनचाकी बोग्या असल्याने त्याही सरकतात, ट्रॅक किंचित धनुष्यासारखा वाकतो आणि गाडी मोठ्या वर्तुळात वळते. यात ब्रेक लागत नाही, म्हणून वेगही मोडत नाही. व्हील आणखी फिरवले की आतल्या बाजूच्या ट्रॅकचा ब्रेक लागतो आणि गाडी जागच्या जागी झटक्यात वळते.

नळी धरली की पहिला टप्पा नाहीसा होतो. मग प्रत्येक छोट्या वळणालाही चालक ब्रेक वापरतो. ब्रेक तापतात, लायनिंग संपते, आतला ट्रॅक थांबून बाहेरचा दुप्पट वेगाने फिरल्याने डिफरन्शियलच्या छोट्या पिनियनवर ताण येतो आणि ट्रॅक निघू लागतो. ‘कॅरियर वळायला वाईट’ अशी तक्रार ऐकू आली तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच.

नळी मोकळी करताना घाई नको. आधी दोन्ही टोकांचा चिखल, सुकलेले ग्रीस आणि रंग खरवडून काढा. ग्रीस निपल काढून भोके तारेने साफ करा, त्यांत पातळ भेदक तेल भरा आणि आठवडाभर रोज थोडे थोडे घालत राहा. रॉकेल आणि गिअर ऑइलचे मिश्रणही चालते, फक्त वेळ जास्त लागतो. मग बाहेरच्या बुशच्या घराला गॅसने हळूहळू ऊब द्या. हाताला सोसणार नाही इतके गरम पुरे, लाल नाही. गरम असतानाच हायड्रॉलिक जॅकने एकीकडून दाब द्या. एक मिलिमीटर हलली की थांबा, तेल घाला आणि उलट दिशेने ढकला. अशी पुढे-मागे करत काढलेली नळी शाबूत निघते. एकाच दिशेला जोर लावला तर गंजाचा चुरा पाचर होऊन बसतो आणि बुशसह नळी ओरखडते.

बाहेर आल्यावर नळी लेथच्या केंद्रांवर फिरवून डायल गेजने वाक मोजा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर ती थंड स्थितीत प्रेसखाली सरळ करा. खड्डे पडले असतील तर हार्ड क्रोम करून ग्राइंड करता येते, पण नव्या बुश नळीच्या अंतिम मापावरूनच कापा. फॉस्फर ब्राँझच्या बुशला ग्रीसची खाच द्या. पुन्हा बसवल्यावर ट्रॅक न चढवता व्हील फिरवा. नळी दोन्हीकडे सारखी सरकली पाहिजे आणि ती पूर्ण सरकेपर्यंत ब्रेकच्या दांड्या ताणल्या जाता कामा नयेत. हा क्रम जुळवणे म्हणजेच या गाडीचे स्टिअरिंग ट्यूनिंग. ब्रेक आधी धरत असेल तर दांड्या सैल करा. नळी संपल्यावरही व्हील पाव फेरा मोकळे फिरत असेल तर घट्ट करा. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी तपासा.

बोग्या, चाके, स्प्रॉकेट

बोगीत जाड कॉइल स्प्रिंग दाबून बसवलेले असते. नट सोडून ते मोकळे करणे म्हणजे हात गमावण्याची सोय. जाड थ्रेडेड रॉड, दोन भक्कम पट्ट्या आणि दोन्ही टोकांना दुहेरी नट असा दाबक आधी तयार करा. त्याने स्प्रिंग धरून ठेवा आणि मगच पिव्हॉट पिन काढा. पिव्हॉटच्या बुश झिजलेल्या असतातच. त्यामुळे चाक आत झुकते आणि कडीच्या मधल्या शिंगांना घासते. घासल्याची चमक कुठे दिसते ते पाहिले की कुठली बुश गेली हे न उघडताच समजते.

चाकांवरचे रबर दोन प्रकारे मरते. पृष्ठभागावरच्या भेगा चालतात. रबर लोखंडी पट्ट्यापासून सुटले असेल तर चालत नाही. कडेला पातळ फीलर गेज घालून पाहा. ते आत गेले तर ते चाक पहिल्या दहा किलोमीटरमध्ये रबर फेकणार. नवे रबर चढवणारे कारखाने फोर्कलिफ्टची भरीव चाके बनवतात तेच. त्यांना बाहेरचा व्यास, रुंदी आणि कडकपणा लेखी द्या. सगळी चाके एकदम द्या, कारण व्यास कमी-जास्त झाला तर बोगीतल्या एकाच चाकावर भार येतो.

स्प्रॉकेटचा दात सारखा घासला असेल तर ठीक, पण आकड्यासारखा वाकला असेल तर तो कडी सोडत नाही आणि वरच्या बाजूला ‘टक्-टक्’ असा आवाज येतो. रिंगची रचना दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर डावी-उजवी अदलाबदल करून न झिजलेली बाजू वापरता येते. मात्र झिजलेल्या ट्रॅकवर नवे स्प्रॉकेट किंवा नव्या ट्रॅकवर जुने स्प्रॉकेट बसवू नका. पिच न जुळल्याने दोन्ही लवकर संपतात.

मागचा अॅक्सल फोर्डच्या ट्रकच्या घराण्यातला. डिफरन्शियलचे कव्हर काढून पिनियनच्या शाफ्टवर निळसर डाग आहेत का पाहा. ते ब्रेक धरून फार वळल्याची खूण. गिअरबॉक्समध्ये जीएल-५ तेल घालू नका, त्यातली रसायने ब्राँझच्या भागांना खातात. जीएल-१ किंवा जीएल-४ वापरा.

हल

चिलखती पत्रा साधारण ७ ते १० मिलिमीटरचा आणि फार कडक. साध्या ड्रिलने भोक पडत नाही, बिट जळते. कोबाल्टचे बिट, कमी वेग आणि भरपूर कापण्याचे तेल लागते. तडा वेल्ड करायचा तर त्याच्या दोन्ही टोकांना छोटी भोके पाडा, भाग १०० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा आणि ओव्हनमध्ये सुकवलेला लो-हायड्रोजन किंवा ३०९ स्टेनलेस रॉड वापरा. तुकड्या-तुकड्याने वेल्ड करून राखेखाली किंवा ब्लँकेटखाली हळू थंड होऊ द्या. साध्या रॉडने घाईत केलेला सांधा त्या दिवशी छान दिसतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी नवा केसासारखा तडा असतो.

रिव्हेट नसतील तर गोल डोक्याचे बोल्ट लावून आतून नट लावतात. दिसायला चालते, फक्त डोक्यावरचा ग्रेडचा शिक्का घासून काढा. त्या काळच्या गाड्यांचे रिव्हेट आणि पत्र्याचे सांधे जवळून पाहायचे तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक सकाळ घालवा. तिथले व्हॅलेंटाइन आणि माटिल्डा हे ब्रिटिश रणगाडे बरेच शिकवून जातात.

इंजिन

इंजिन हलच्या मागच्या भागात मध्यभागी आहे, रेडिएटर त्याच्या पुढे. २२१ घनइंचाचे, साधारण ३.६ लिटरचे इंजिन सर्वांत जास्त आढळते. त्याचा बोअर ७७.८ आणि स्ट्रोक ९५.२५ मिलिमीटर. काही गाड्यांत पुढच्या काळातले २३९ घनइंचाचे असते. एका हेडवरचे स्टड मोजा. २१ की २४ यावरून गॅस्केट ठरते.

हेड निघत नसेल तर खाचेत छिन्नी मारू नका. ब्लॉकचा पृष्ठभाग एकदा खराब झाला की गॅस्केट कधीच धरत नाही. प्रत्येक स्टडभोवती तेल सोडा, इंजिन गरम-थंड करा आणि वरून लाकडाच्या ठोकळ्याने ठोका. या इंजिनचा जुना आजार म्हणजे व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडरच्या मधला तडा. तडे स्टडच्या भोकापासून पाण्याच्या भोकाकडेही जातात. बोअर करायला पैसे घालण्याआधी डाय पेनिट्रंट किंवा चुंबकीय चाचणी आणि नंतर पाण्याच्या वाटांची दाबचाचणी करून घ्या. छोटे तडे धातूच्या पिनांनी शिवता येतात. सीटमध्ये घुसलेला मोठा तडा असेल तर दुसरा ब्लॉक शोधणेच स्वस्त पडते.

पाण्याच्या वाटांत कारखान्यातल्या साच्याची वाळू आणि तारा आजही सापडतात. त्या वाकड्या तारेने आणि प्रेशर वॉशरने काढा. या इंजिनची ‘सदा तापते’ ही बदनामी निम्मी या वाळूमुळे आहे. पाण्याचे दोन पंप, प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरना एक. म्हणून एकच बाजू तापू शकते आणि गेज मात्र शांत दिसते. चालू इंजिनवर दोन्ही वरच्या होजवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. १० अंशांहून जास्त फरक असेल तर थंड बाजूकडे नाही, गरम बाजूच्या पंपाकडे बघा. रेडिएटरच्या कडेचे पत्रे आणि पॅकिंग नसेल तर गरम हवा परत आत येते. ते बसवल्याशिवाय मोठा पंखा लावण्यात अर्थ नाही.

जुळवणीची मापे : इनटेक व्हॉल्व्हचा गॅप ०.२५ ते ०.३० मिलिमीटर, एक्झॉस्टचा ०.३६ ते ०.४०. मूळ टॅपेटला अॅडजस्टमेंट नाही, म्हणून गॅप कमी असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक किंचित घासतात. जास्त घासले तर तो व्हॉल्व्ह गेला. डिस्ट्रिब्युटरला दोन पॉइंट, प्रत्येकी ०.३८ मिलिमीटर. प्लगचा गॅप ०.६४. फायरिंग ऑर्डर १-५-४-८-६-३-७-२. उजव्या बँकेत पुढून १ ते ४, डाव्या बँकेत ५ ते ८. बिडाच्या हेडला ६८ ते ८० न्यूटन-मीटर, अॅल्युमिनियमच्या हेडला ४० ते ५४, मध्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत. स्टड पाण्याच्या वाटेत उतरतात, म्हणून थ्रेडला सीलंट हवेच. नाहीतर प्रत्येक नटाभोवती पाणी पाझरत राहते आणि लोक गॅस्केटला शिव्या देतात.

पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबराला मारते. भारतात आता पंपावर बहुधा ई-२०च (२० टक्के इथेनॉलचे पेट्रोल) मिळते, त्यामुळे पंपाचा डायफ्रॅम, होज आणि कार्ब्युरेटरची वॉशर इथेनॉल सोसणारी घ्या. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाक्या रिकाम्या करा. कॉम्प्रेशन कमी असल्याने ऑक्टेनची चिंता नाही. बंद कप्प्यात पेट्रोल पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही. म्हणून पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून स्टार्टरने ऑइल प्रेशर येईपर्यंत फिरवा. एसएई ३० तेल पुरते. गरम इंजिनला २००० आरपीएमवर साधारण २ बार दाब मिळाला पाहिजे.

ट्रॅक चढवणे

दोन माणसे, दोन ट्रॅक-पुलर, टोकदार सुंभा आणि दोरखंड. ट्रॅक योग्य दिशेने जमिनीवर पसरा आणि गाडी त्यावर ओढून घ्या. मागचे टोक स्प्रॉकेटवर चढवा, दोरी बांधून आयडलरवरून पुढे आणा आणि दोन्ही टोके पुलरने जवळ घ्या. भोके सुंभ्याने जुळवून पिन ठोका. बोटाने भोक चाचपू नका.

ताण देताना एक गोष्ट फक्त याच गाडीची. ट्रॅकला वाकायला जागा लागते. तो वीणेच्या तारेसारखा ताणला तर आडवी नळी सरकत नाही, स्टिअरिंग जड होते आणि पिना लवकर झिजतात. फार सैल ठेवला तर ब्रेकच्या वळणावर निघतो. वरच्या मोकळ्या भागावर सरळ पट्टी ठेवून सुरुवातीला दोन-अडीच सेंटिमीटर झोल ठेवा. व्हील हाताने सहज फिरते का ते पाहा आणि मग जुळवा. दोन्ही बाजूंचा झोल सारखा असू द्या, नाहीतर गाडी सरळ रस्त्यावर एकीकडे ओढते.

पहिली फेरी मऊ जमिनीवर, पाच किलोमीटर, वेग ताशी १५ किलोमीटरच्या आत. थांबलात की प्रत्येक हबवर हात ठेवा. एकच गरम असेल तर बेअरिंग घट्ट आहे. मग पिना एकेक मोजा आणि ताण पुन्हा जुळवा, कारण नवा ट्रॅक पहिल्या तासात हमखास सैलावतो. पेट्रोल आणि इंजिन माणसांच्या शेजारीच असल्याने दोन अग्निशामक लागतात, एक चालकाजवळ आणि एक गाडीबाहेर.

रंग

आधीचे थर खरवडून मूळ रंग शोधा. आयडलरमागे आणि कंसाच्या खाली तो टिकतो. १९४४ पासून ब्रिटिश गाड्यांसाठी एससीसी १५ (एससीसी हा ब्रिटिश लष्करी रंगांचा क्रमांक) हा हिरवट ऑलिव्ह, त्याआधी एससीसी २ हा तपकिरी. इटलीतल्या भारतीय डिव्हिजनच्या खुणा रंगवायच्या असतील तर युनिट आणि डिव्हिजन जुळवा. ४ थ्या डिव्हिजनचा लाल गरुड, ८ व्याची लाल पार्श्वभूमीवर पिवळी क्लोव्हर पाने. १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री ८ व्या डिव्हिजनमध्ये होती आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनियो नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यामुळे मराठी माणसाला याच डिव्हिजनची खूण रंगवावीशी वाटते. त्यात गैर काही नाही, फक्त त्या खुणेशेजारी गरुड काढू नका. मॅट रंगावर तेल सांडले की डाग कायमचा बसतो, म्हणून रंग अगदी शेवटी, ट्रॅक चढवून आणि गळती थांबवून झाल्यावर.